वीतभर सुतळी

तात्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. एरवी ते दारातूनच फेकायचे आणि ती वहीवर येऊन आदळायची, त्या दिवशी जवळ येऊन ठेवली, आवाज न करता. बाकी काहीच झालं नाही. मी एवढंच विचारलं होतं की तात्या, नवीन टायर टाकल्यापासून हजार किलोमीटरला सतरा लिटर डिझेल जास्त लागतंय, ते जातंय कुठे. "का लागतंय" असं विचारता आलं असतं, पण माझ्या तोंडून "जातंय कुठे" निघालं, आणि त्या दोन शब्दांत जे होतं ते त्यांना बरोब्बर कळलं. ते म्हणाले, "गाडी चढाला ओढत नाही पोरी. जिथं तिसऱ्यावर निघून जायची तिथं आता दुसरा गिअर पाडावा लागतो." आणि गेले. मी ते वहीत लिहिलं नाही कारण वहीत त्याला रकानाच नव्हता. तारीख, मीटर, लिटर, ॲव्हरेज, झालं. मी फक्त त्या दिवशीच्या आकड्यापुढे बॉलपेनने एक प्रश्नचिन्ह काढलं.

बाबांची एकच ट्रक, सहा चाकी, आणि तात्या ती मला आठवतंय तेव्हापासून चालवतायत. वही माझ्याकडे आली ती मी कॉलेजात गेल्यावर. आकडे मला आवडायचे, अजूनही आवडतात, टाकी फुल करायची, मीटर लिहायचा, पुढच्या फुलला परत लिहायचा, भागाकार करायचा, आणि येणारं उत्तर इतकं स्वच्छ असायचं की त्यावर शंका घ्यावी असं कधी वाटलंच नाही. गाडीचं ॲव्हरेज पाच पॉइंट एक. पावसाळ्यात पाच, रिकामी परतली की थोडं जास्त, पण महिन्याचा हिशोब घातला की फिरून पाच पॉइंट एकवर यायचं. माणसाच्या नाडीसारखं ते मला पाठ होतं.

टायर बदलायचे ठरले तेव्हा घरात दोन दिवस तीच चर्चा. कंपनीने गाडीला दिलेला साइज ९.०० आर २०, म्हणजे नऊ इंच रुंद, रेडियल, वीस इंची रिमचा. बाबांच्या मनात १०.०० आर २० होता. टायरवाल्याने पटवलं होतं की मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो, इंजिन कमी फिरतं, डिझेल वाचतं, वर वजनही जास्त झेलतो. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मला आज लिहिताना मुद्दाम सांगायचंय. तात्या एवढंच म्हणाले की गाडी ज्या मापाची आहे त्या मापाचेच बरे. का, ते त्यांना सांगता आलं नाही आणि बाबांनी विचारलंही नाही. मग एक दिवस ते सहा टायर आले. नव्या रबराचा तो उग्र वास, अंगावरचे केसांसारखे बारीक धागे, खोल खोल काळी नक्षी जिच्यात माझं बोटाचं अर्धं पेर आत जायचं. डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी रिम, त्याही त्या मापाच्या घेतल्या, कारण मागचे जोड टायर रुंद झाले की मधली फट कमी होते, आणि लोडखाली फुगलेल्या दोन्ही बाजू एकमेकींना घासल्या तर तापून टायर जातात. एवढं सगळं बघितलं, मडगार्डला लागतंय का, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर कुठे टेकतोय का, सगळं. गाडी उभी राहिली तेव्हा बाबा लांब जाऊन बघत होते, आणि खरंच ती भारदस्त दिसत होती.

पहिल्या महिन्याचं ॲव्हरेज आलं चार पॉइंट सात.

मला वाटलं बेरीज चुकली. दुसऱ्या महिन्यात परत तेच. पाच पॉइंट एकला हजार किलोमीटरला १९६ लिटर लागतात, चार पॉइंट सातला २१३. फरक सतरा लिटरचा. सतरा लिटर हा फार वाईट आकडा आहे, कारण तो जवळपास एका कॅनएवढा आहे. दोन असते तर मी सोडून दिलं असतं, पन्नास असते तर टाकी फुटलीय असं म्हटलं असतं, पण कॅनभर डिझेल म्हटलं की डोळ्यासमोर माणूस येतो, हातात कॅन घेतलेला. आणि टायर नवीन, इंजिन तेच, रस्ता तोच, मग बदललं काय? कोणी शिकवावं लागत नाही, हा धंदा ज्या घरात आहे तिथल्या लहान पोरालाही पुढचा विचार येतो. मी तात्यांच्या खांद्यावर बसून मोठी झालेली मुलगी, आणि मी ते आल्यावर त्यांच्या आधी टाकीच्या झाकणाकडे बघायला लागले. त्यांना दिसत असणार. आरशात मागची गाडी किती फुटांवर आहे ते सांगणारा माणूस, त्याला माझी नजर कुठे आहे ते दिसत नसेल?

किल्लीची गोष्ट त्यानंतरची.

त्यानंतर कधीतरी क्लीनर सुट्टीवर गेला आणि मी तात्यांच्या सोबत गाडीवर गेले. आम्ही फारसं बोलत नव्हतो. केबिनमध्ये पाय ठेवायची ती जागा, इंजिनच्या कव्हरमधून येणारी ऊब, काचेवर चिकटलेले किडे, आणि बाहेर एकामागून एक येणारे किलोमीटरचे दगड. काही करायला नव्हतं म्हणून मी दगड आणि मीटर जुळवत बसले. सुरुवातीला दगड आला की मीटरचा आकडा बदलायचा, मग दगड पुढे जायला लागले. दहा दगड झाले, मीटर अजून दहाला पोचलेला नाही. वीस झाले, अंतर वाढलं. मी पाटीवरचा कागद घेतला आणि लिहायला लागले. शंभर किलोमीटरचे दगड संपले तेव्हा मीटरवर साडेशहाण्णव. मला आधी वाटलं दगडच चुकीचे लावलेत, म्हणून मोबाइलवर जीपीएस लावला, तर तो दगडांच्या बाजूने. मीटरवर ६० असताना मोबाइल ६२ दाखवत होता. मी तात्यांना सांगितलं. त्यांनी रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं, "म्हणजे?" आणि मला सांगता येईना, कारण म्हणजे काय ते हळूहळू माझ्या पोटात उतरत होतं.

मीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त फेरे मोजता येतात. गिअरबॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट किती फिरला ते तो मोजतो आणि धरून चालतो की चाकाचा एक फेरा म्हणजे अमुक इतका रस्ता. हे अमुक इतकं कंपनीने गाडी बनवताना ठरवून टाकलं, त्या ९.०० च्या टायरवर. आपण खाली टायर बदलतो, मीटरला कोणी सांगत नाही.

परत आल्यावर मी स्टेपनीकडे गेले. जुन्या सहातला एक टायर बाबांनी तसाच ठेवून दिला होता, नक्षी जवळजवळ गेलेला. मी सुतळीचा गुंडा घेतला, तात्यांनी टायर उभा धरला, आणि मधोमध सुतळी गुंडाळून जिथे टोकं भेटली तिथे कापली. मग तीच सुतळी नवीन टायरला. गाडी जॅकवर घेतली, तात्यांनी खाली बसून सुतळी खालून ओढून वर माझ्या हातात दिली, मी माझ्या बाजूचं टोक धरलेलं. टोकं भेटली नाहीत. मधे रबर दिसत होतं, काळं, चांगलं रुंद. तात्यांनी आपला हात पसरला, अंगठा एका टोकावर, करंगळी दुसऱ्या टोकावर. बरोबर त्यांची वीत बसली तिथे. टेप लावून बघितलं तर १९ सेंटिमीटर. जुना टायर ३ मीटर १२, नवीन ३ मीटर ३१. तात्या तसेच बसून होते हात पसरून, आणि म्हणाले, "एका फेऱ्याला एवढं?"

एका फेऱ्याला एवढं. आणि एका किलोमीटरला चाक तीनशेच्या वर फेरे मारतं.

त्या रात्री मी वही काढून बसले ते सगळं परत करायला. नवीन ९.०० आर २० चा व्यास साधारण १०१८ मिलिमीटर, १०.०० आर २० चा १०५४. साडेतीन टक्के फरक. पण आमचे जुने टायर नवीन कुठे होते, झिजले होते, ट्रकच्या टायरची नक्षी नवीन असताना पंधरा मिलिमीटरच्या आसपास खोल असते आणि ती दोन्ही बाजूंनी घासली जाते, म्हणजे व्यास पंचवीसेक मिलिमीटरने उतरतो. घासलेल्या टायरवर चाकाला जास्त फेरे मारावे लागायचे, म्हणून मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवायचा, शंभराला सव्वादोन-अडीच. मला पाठ असलेलं ते पाच पॉइंट एक मुळात फुगलेलं होतं! खरं होतं पाचला थोडं कमी. आणि नवीन टायरवर मीटर कमी दाखवायचा, म्हणून चार पॉइंट सात, खरं साधारण चार पॉइंट आठ सहा. चार दशांशाची जी घट मी बघत होते त्यातली जवळपास पाऊण घट ही डिझेलची नव्हतीच. ट्रक तेवढीच पळत होती, मोजायची पट्टी ताणली गेली होती. सतरातल्या बारा लिटरचा हिशोब सुतळीत सापडला.

उरले पाच. आणि ते पाच तात्यांनी मला आधीच सांगितले होते.

गाडी चढाला ओढत नाही, हे त्यांचं वाक्य मी निमित्त समजले होते, ते शब्दशः खरं होतं. इंजिन चाकाला पिळतं, आणि तो पीळ जमिनीवर ढकल होऊन पोचतो तेव्हा मधे चाकाची त्रिज्या येते, त्रिज्या वाढली की तोच पीळ कमी ढकलतो. रहाटाची लाट जाड केली तर एका फेऱ्यात बादली जास्त वर येते पण हात भरून येतात, तसंच. मागच्या क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी जोडीचा रेशो समजा ६ असेल, म्हणजे शाफ्टचे सहा फेरे झाले की चाकाचा एक, तर १०.०० चा टायर टाकल्यावर तो ५.८ असल्यासारखं होतं, गाडीला हात न लावता सगळेच गिअर थोडे थोडे वर सरकतात. सपाटीवर हे छान वाटतं. साठच्या वेगाला इंजिन मिनिटाला साठ-पासष्ट फेरे कमी फिरतं, आवाज उतरतो, आणि तात्याही कबूल करतात की सरळ रस्त्याला गाडी मजेत पळायची. बाबांचं तिथे बरोबर होतं. पण सोळा टन घेऊन सपाट रस्त्यावर चालताना टायरचा विरोध असतो साधारण शंभर किलोच्या ओढीएवढा, आणि शंभराला पाच असा चढ लागला की त्यात एकदम आठशे किलोची भर पडते. आमची गाडी जो चढ तिसऱ्यावर चढायची तो जेमतेम चढायची, शेवटच्या वळणावर इंजिन गुरगुरत असायचं पण तुटायचं नाही. त्या जेमतेममधून शंभरातले साडेतीन काढले, झिजलेल्या टायरशी तुलना केली तर सहा, की ते पुरत नाही. मग दुसरा गिअर. दुसऱ्यात गाडी रांगते, इंजिन ओरडतं, जो चढ दहा मिनिटांत व्हायचा त्याला पंधरा लागतात आणि तेवढा वेळ पंप डिझेल ओततच असतो. उतरतानाही तेच उलटं, ब्रेक तेवढाच पण चाक मोठं, त्यामुळे पकड तेवढी कमी पोचते, तात्या उतारावर एक गिअर खालीच ठेवायचे ते त्यामुळे. हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं, पायाच्या तळव्याला कळलं होतं.

आणि थोडं डिझेल नव्या टायरनेच खाल्लं, साइजचा त्यात संबंध नाही. खोल नक्षीचं रबर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतं, तापतं, आणि ती उष्णता म्हणजे आपलंच डिझेल. टायर झिजत आला की गाडी हलकी पळते हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतं, फक्त तेव्हा टायर काढायची वेळ आलेली असते. लोड घेऊन एका वेगात चालणाऱ्या ट्रकचं साधारण एक तृतीयांश डिझेल टायर फिरवण्यातच जातं. हे वाचलं त्या दिवशी मला हवेच्या गेजबद्दल नवीनच आदर वाटला, कारण हवा कमी असली की हेच वाकणं वाढतं, आणि आमच्याकडे हवा बघायची ती काठीने टायर बडवून, आवाजावरून.

या सगळ्या शोधाशोधीत मला एक गोष्ट सापडली जी मनात राहिली. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतलं, ज्याचं नाव पुढे टायरशी जोडलं गेलं त्या डनलॉपच्या ४३ वर्षं आधी. मोटारी नव्हत्याच, घोडागाड्या होत्या. आणि त्याने शोधाचा उद्देश लिहिताना सगळ्यात आधी लिहिलं की गाडी ओढायला लागणारी ताकद कमी व्हावी. आरामाचं नंतर, आवाजाचं त्याच्याही नंतर. मला ते वाचून खूप बरं वाटलं. चाकाचा विचार करताना त्या माणसाने आधी ओढणाऱ्याचा विचार केला. आम्ही दोन दिवस टायरवर चर्चा केली त्यात ओढणाऱ्याचं एकच वाक्य होतं आणि ते आम्ही ऐकून सोडून दिलं.

आता कोणी विचारलं की ट्रकला टायर कुठला टाकू, तर मी आधी विचारते रस्ता कसला आहे आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी किती दमते. इंजिनात ताकद शिल्लक असेल, रस्ता सपाट असेल आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन उगाच जास्त फिरत असेल तर थोडा मोठा टायर खरंच डिझेल वाचवतो, पण त्यापेक्षा क्राऊनचा रेशो बदलणं हा सरळ मार्ग. चढ असतील, लोड पूर्ण असेल, तर मूळ साइज सोडू नये, उलट थोडा बुटका टायर सुखाचा. नावावर जाऊ नये, व्यास बघावा. २९५/७५ आर २२.५ वाचायला केवढा मोठा वाटतो, पण त्यातला २९५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या पंचाहत्तर टक्के, ती दोनदा घ्या, रिमचे साडेबावीस इंच मिळवा, तर १०१४ मिलिमीटर भरतो, म्हणजे आमच्या ९.०० एवढाच. जोडीतल्या दोन टायरच्या व्यासात बारा-तेरा मिलिमीटरच्या वर फरक नको, नाहीतर उंच असलेला सगळा भार घेतो आणि दुसरा नुसता घासत जातो. आणि साइज बदलली की पहिल्याच दिवशी दगडांशी मीटर जुळवून घ्या, खऱ्या अंतराला मीटरच्या अंतराने भागून येणारा एक आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक मीटरला त्याने गुणा. हे शेवटचं मी जीव तोडून सांगते. एका गुणाकाराची गोष्ट आहे, पण तो केला नाही तर हिशोब एखाद्या माणसाच्या नावावर जाऊन बसतो.

बाबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ सुतळीकडे बघत राहिले, मग "मला विचारायला हवं होतं त्यांना" एवढंच बोलले. तात्यांशी बोलायला मला आणखी चार दिवस लागले. गाडी धुणं चालू होतं, मी वही घेऊन गेले, शेऱ्याचा नवीन रकाना दाखवला, जुने आकडे खोडून खरे किलोमीटर शेजारी लिहिले होते. ते ओले हात पँटला पुसून पानं उलटत गेले आणि त्या तारखेवर थांबले. प्रश्नचिन्ह तसंच होतं. मी म्हटलं, तात्या, मी चुकले. ते म्हणाले, "मला पण समजत नव्हतं ना पोरी. मी पण रात्री विचार करायचो, जातंय कुठं." त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि पाइप परत उचलला. म्हणजे इतके दिवस ते एकटेच शोधत होते. कोणी टाकीतून काढतंय का म्हणून ते गाडीतच झोपायचे, हे मला क्लीनरने नंतर सांगितलं. मी त्या झोपण्याचाही वेगळाच अर्थ लावला होता.

मोठे टायर आम्ही झिजेपर्यंत वापरले, फेकण्यासारखे नव्हते. काय गंमत, झिजत गेले तसे ते आपोआप लहान होत गेले, आणि तात्या म्हणायचे आता जरा ओढायला लागलीय. मग परत ९.०० आले, जुन्या डिस्क बाहेर निघाल्या. टायर घ्यायला यावेळी बाबा आणि तात्या दोघं गेले होते, मी घरीच होते.

पहिल्या फेरीला तात्यांचा फोन आला. मागे वारा होता आणि इंजिन चालू होतं, म्हणजे वर पोचून कडेला थांबले असणार. फुल लोड होता. मी हॅलो म्हटलं तर आधी नुसता इंजिनचा आवाज, मग ते म्हणाले, "तिसऱ्यावर आली."

मी वही ओढली. शेऱ्याच्या रकान्यात तारीख घातली आणि ते तसंच लिहिलं.